व्हीपीएन जोडलं जात नाहीये? आधी बघा ते अडलंय कुठे

व्हीपीएन म्हणजे साध्या नेटमधून ऑफिसच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाणारा सुरक्षित बोगदा. ते लागेना झालं की बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत ॲप काढून टाकतात आणि पुन्हा घालायला बसतात. कळकळीची विनंती आहे, सुरुवात तिथून करू नका. ऑफिसनं दिलेली जोडणीची फाइल, सर्व्हरचा पत्ता, कधीकधी एक गुप्त किल्ली, हे सगळं त्या ॲपसोबत जातं. मग रविवारी रात्री ते पुन्हा देणारं कुणी सापडत नाही आणि छोटा बिघाड सोमवार दुपारपर्यंत लांबतो.

त्याऐवजी जोडणी कुठपर्यंत पोचली ते शोधा. व्हीपीएन लागणं म्हणजे एखाद्याच्या घरी जाण्यासारखं आहे. रस्ता चालू आहे का, पत्ता सापडतो का, दार उघडतं का, आत घेणाऱ्याला ओळख पटते का, आणि आत गेल्यावर हवं ते माणूस भेटतं का. अडचण या पाचपैकी एकाच ठिकाणी असते. ते ठिकाण कळलं की उपाय बहुतेक वेळा दहा मिनिटांचा असतो. ते न शोधता सगळीकडची सेटिंगं बदलत सुटलं की एका बिघाडाचे तीन होतात.

म्हणून एक वही किंवा फोनमधली नोट उघडून ठेवा. पडद्यावर जो चूक-क्रमांक येतो, तो आहे तसा लिहा किंवा फोनवर फोटो काढा. एका वेळी एकच गोष्ट बदला. फरक पडला नाही तर ती पूर्ववत करूनच पुढे जा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

रस्ता चालू आहे का

व्हीपीएन पूर्ण बंद करा आणि साधं नेट चालतंय का ते बघा. ब्राउझरमध्ये रोज न उघडणारी एखादी साइट उघडा, कारण रोजची साइट कधीकधी जुन्या साठ्यातूनच दिसते. मग विंडोजचं बटण दाबून सीएमडी टाइप करा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथे 'पिंग १.१.१.१' द्या. चार ओळींत उत्तर आलं तर रस्ता ठीक आहे.

उत्तर येत नसेल तर व्हीपीएनचा विचार सोडा आणि भिंतीवरच्या फायबरच्या डब्याकडे बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल तर तार तुटली आहे किंवा पलीकडून प्रकाशच येत नाहीये. घरात काहीही केलंत तरी ते सुधारणार नाही, सेवा देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा. दिवे ठीक असतील तर डबा आणि राउटर दोन्ही बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करा.

इथेच एक फसवी गोष्ट असते. विकत घेतलेल्या बऱ्याच व्हीपीएन ॲपांत 'किल स्विच' नावाची सोय असते. व्हीपीएन तुटलं की ती सगळं नेटच अडवते, म्हणजे तुमची माहिती उघड्यावरून जात नाही. सोय चांगली आहे, पण ॲप अर्धवट बंद पडलं तर ती तशीच लागून राहते आणि घरात फोनवर नेट आहे, फक्त कॉम्प्युटरवर नाही असं दिसतं. असं असेल तर ॲप उघडून ती सोय तात्पुरती बंद करा.

पत्ता सापडतो का

व्हीपीएनच्या सर्व्हरला सहसा नावानं हाक मारलेली असते. ते नाव आकड्यांच्या पत्त्यात बदललं गेलं नाही तर जोडणी सुरूच होत नाही. विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनमध्ये अशा वेळी ८६८ हा क्रमांक येतो. काळ्या खिडकीत 'एनएसलुकअप' आणि पुढे सर्व्हरचं नाव द्या. आकडे आले तर पुढच्या पायरीकडे चला. नाव सापडत नाही असं उत्तर आलं तर आधी नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर तपासा. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या नावापुढे रिकामी जागा चिकटून येते, ती डोळ्यांना दिसत नाही. स्पेलिंग बरोबर असेल तर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' द्या आणि पुन्हा बघा. तरीही नसेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या, म्हणजे नावावरून आकड्यांचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून बघा.

विकतचं ॲप वापरत असाल आणि जुन्या यादीतला भारतातला सर्व्हर लागत नसेल, तर कारण वेगळं असू शकतं. सर्ट-इन या सरकारी संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातली आपली यंत्रं काढून घेतली. ॲप अद्ययावत करून सर्व्हरची यादी नव्यानं घ्या. ऑफिसच्या व्हीपीएनचा या नोंदींशी संबंध नाही, त्यामुळे ते वापरणाऱ्यांनी त्याची काळजी करू नये.

दार उघडतं का

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात. खूण सोपी आहे. 'कनेक्टिंग' असं बराच वेळ फिरत राहतं आणि शेवटी पलीकडून उत्तर आलं नाही असा निरोप येतो. विंडोजमध्ये बहुतेकदा ८०९. ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड ही व्हीपीएनची दोन वेगळी सॉफ्टवेअरं. ओपनव्हीपीएनच्या नोंदीत ६० सेकंदांत किल्ल्यांची बोलणी झाली नाहीत अशी ओळ. वायरगार्डची तऱ्हा आणखी निराळी. तिथे हिरवी खूण लगेच दिसते, पण 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही बाजूंची शेवटची बोलणी कधी झाली) ही ओळच नसते आणि आलेली माहिती शून्य बाइट दाखवते. ती हिरवी खूण म्हणजे फक्त तुमच्या बाजूची तयारी. हँडशेकची वेळ दिसली तरच दार उघडलं असं समजा.

आता या लेखातली सगळ्यात कामाची चाचणी करा. घरचं वायफाय सोडा, फोनचा हॉटस्पॉट चालू करा, कॉम्प्युटर त्यावर जोडा आणि व्हीपीएन लावा. लागलं, तर तुमचा कॉम्प्युटर, पासवर्ड आणि पलीकडचा सर्व्हर हे तिन्ही ठीक आहेत. दोष घरच्या राउटरात किंवा नेट देणाऱ्याच्या वाटेवर आहे. हॉटस्पॉटवरही लागलं नाही, तर कॉम्प्युटर, खातं किंवा सर्व्हर यांच्याकडे वळा. या एका चाचणीनं निम्मं काम होतं, म्हणून ती टाळू नका.

दार न उघडण्याचं कारण समजून घ्यायचं तर पोर्ट म्हणजे काय ते थोडं कळायला हवं. एकाच इमारतीला अनेक दारं असतात आणि प्रत्येक पद्धतीचं व्हीपीएन ठरावीक दारानं जातं. यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवायच्या दोन रीती, आणि पुढचा आकडा म्हणजे दाराचा क्रमांक. आयकेईव्ही२ यूडीपी ५०० आणि ४५०० वापरतं. एल२टीपी तीच दोन आणि सोबत १७०१. ओपनव्हीपीएन सहसा यूडीपी ११९४, वायरगार्ड बहुतेक ठिकाणी ५१८२०. एसएसटीपी मात्र टीसीपी ४४३ नं जातं. याच दारानं बँकेच्या आणि इतर सगळ्या सुरक्षित वेबसाइट्स ये-जा करतात, त्यामुळे ते सहसा कुणी बंद करत नाही.

यातूनच उपाय निघतो. ॲपमध्ये 'प्रोटोकॉल' नावाचं सेटिंग असेल तर यूडीपीऐवजी टीसीपी निवडा, शक्य असेल तर टीसीपी ४४३. वेग थोडा कमी होईल, पण काम चालू होईल. ऑफिसच्या व्हीपीएनमध्ये असा पर्याय दिसत नसेल तर आयटीवाल्यांना नेमकं हेच विचारा, की ४४३ वरची जोडणी आहे का.

त्याआधी घरातल्या दोन गोष्टी तपासा. पहिली, अँटीव्हायरस. त्याची स्वतःची भिंत, म्हणजे फायरवॉल, असते आणि ती अद्ययावत झाल्यावर कालपर्यंत चालणारं व्हीपीएन अडवू शकते. ती भिंत दहा मिनिटं बंद करून बघा. लागलं तर ती पुन्हा चालू करा आणि व्हीपीएनला अपवाद म्हणून नोंदवा. कायमची बंद ठेवू नका. दुसरी, राउटरमधलं 'व्हीपीएन पासथ्रू'. राउटरच्या पानावर सुरक्षिततेच्या भागात आयपीसेक, एल२टीपी, पीपीटीपी अशा नावांपुढे खुणा असतात, त्या चालू हव्यात.

पीपीटीपीविषयी स्पष्ट सांगतो. तुमचं ऑफिस अजून ते वापरत असेल तर ते दुरुस्त करण्यात संध्याकाळ घालवू नका, बदलून मागा. ही पद्धत जुनी आणि कमजोर आहे. ॲपलनं २०१६ सालीच मॅकमधून ती काढून टाकली.

ओळख पटते का

६९१ हा क्रमांक आला की दार उघडलंय, पण आत घेतलं नाही. नाव, पासवर्ड किंवा ओळख पटवण्याची पद्धत यांत चूक आहे. ऑफिसचे पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलावे लागतात आणि व्हीपीएन मात्र साठवलेला जुनाच पासवर्ड पाठवत राहतं. साठवलेला पुसा आणि हातानं टाइप करा. टाइप करण्याआधी खाली कीबोर्डची भाषा बघा. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर पासवर्डच्या ठिपक्यांत ते कळत नाही. तीन-चार वेळा चुकलं तर थांबा, बऱ्याच ठिकाणी खातं काही काळ कुलूपबंद होतं आणि मग बरोबर पासवर्डही चालत नाही.

७८९ आलं तर एल२टीपीची सामायिक किल्ली जुळत नाहीये किंवा प्रमाणपत्रात, म्हणजे ओळख पटवणाऱ्या डिजिटल फाइलमध्ये, गडबड आहे. १३८०१ आलं तर आयकेईव्ही२ मधलं प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र मान्य झालेलं नाही. किल्ली पुन्हा काळजीपूर्वक टाका. प्रमाणपत्र मात्र तुमच्या हातात नाही, ते देणाऱ्यालाच विचारावं लागेल.

पण त्याआधी कॉम्प्युटरचं घड्याळ बघा. ऐकायला क्षुल्लक वाटतं. प्रत्येक प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटरची तारीख त्या मुदतीबाहेर असेल तर पलीकडचा सर्व्हर खरा असूनही कॉम्प्युटर त्याला खोटा समजतो. माझ्या वडिलांचा जुना डेस्कटॉप रोज रात्री मुख्य बटणावरून बंद होतो. एके सकाळी त्यावर व्हीपीएनही लागेना आणि बँकेची साइटही उघडेना. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी, आणि साल कित्येक वर्षांपूर्वीचं. आतली नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली होती. बॅटरी बदलली, वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं आणि दोन्ही कामं सुरू झाली. वेळ-क्षेत्र भारताचं, म्हणजे जागतिक वेळेच्या (यूटीसी) साडेपाच तास पुढचं, आहे ना तेही तिथेच दिसतं.

आत गेलो, पण कुणी भेटत नाही

व्हीपीएन जोडलं गेलं, हिरवी खूण आहे, तरी ऑफिसचं फोल्डर उघडत नाही. नवखा माणूस यानं सगळ्यात जास्त हैराण होतो, कारण चूक-क्रमांकच नसतो.

माझी बहीण इचलकरंजीहून पुण्यातल्या एका ऑफिसचं हिशेबाचं काम घरून करते. तिला तीन संध्याकाळी हेच झालं. हॉटस्पॉटवर फोल्डर लगेच उघडायचं, घरच्या वायफायवर नाही. मी तिला 'आयपीकॉन्फिग' द्यायला सांगितलं. तिच्या कॉम्प्युटरचा पत्ता निघाला १९२.१६८.१.७. ऑफिसच्या फाइल सर्व्हरचा पत्ता होता १९२.१६८.१.१०. तिथेच उलगडा झाला.

घरातल्या आणि ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कसाठी बऱ्याच वर्षांपासून काही ठरावीक पत्ते राखून ठेवलेले आहेत, १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ नं सुरू होणारे. त्यातला १९२.१६८.१ हा गट असंख्य राउटरांवर कारखान्यातूनच लागून येतो. घर आणि ऑफिस दोन्हीकडे तोच गट असला की कॉम्प्युटरला वाटतं, १९२.१६८.१.१० तर माझ्या शेजारीच आहे. तो ते पत्र बोगद्यातून पुण्याला पाठवतच नाही, घरातल्या घरात हाका मारत बसतो. एकाच नावाच्या दोन गल्ल्या असल्या की पोस्टमनचं होतं तसं.

उपाय घरचा पत्ता बदलण्याचा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. 'आयपीकॉन्फिग'मध्ये 'डीफॉल्ट गेटवे'पुढे दिसतो तोच. लॉगिन करा, 'लॅन' सेटिंग शोधा आणि तिथला १९२.१६८.१.१ बदलून १९२.१६८.५७.१ करा. ५७ ला काही खास महत्त्व नाही, फक्त ० आणि १ हे सर्रास वापरले जाणारे आकडे टाळायचे. जतन करा. राउटर स्वतः पुन्हा सुरू होईल, त्याचं पान आता नव्या पत्त्यावर उघडेल. घरातले प्रिंटर आणि कॅमेरे एकदा बंद-चालू करावे लागतील. बहिणीचा प्रिंटर त्या रात्री रुसला होता, पण फोल्डर उघडलं आणि तेव्हापासून ती तक्रार आली नाही.

पत्ते वेगळे असूनही उघडत नसेल तर दुसरी शक्यता नावाची. फाइल सर्व्हर आकड्यांनी उघडतो, पण नावानं नाही, असं असेल तर ऑफिसचं डीएनएस तुमच्यापर्यंत येत नाहीये. व्हीपीएन तोडून पुन्हा जोडा, वर दिलेली फ्लशची आज्ञा द्या, आणि सर्व्हरचं लहान नाव न देता पूर्ण लांब नाव देऊन बघा.

तिसरी शक्यता जरा गूढ वाटते. साधी पानं उघडतात, लहान मेल येतात, पण मोठी फाइल किंवा दूरच्या कॉम्प्युटरचा पडदा सुरू होऊन मध्येच गोठतो. नेटवरची माहिती छोट्या पाकिटांत तुकडे होऊन जाते आणि इथे त्या पाकिटाच्या आकाराचा प्रश्न असतो. साध्या नेटवर एका पाकिटाची मर्यादा १५०० बाइट, आणि नाव-पासवर्डानं चालणाऱ्या पीपीपीओई जोडणीवर १४९२. व्हीपीएन प्रत्येक पाकिटावर आपलं आणखी एक पाकीट चढवतं. मग ते जाड होतं आणि वाटेत अडकतं. व्हीपीएन तोडून 'पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१' देऊन बघा. तुकडे करावे लागतील असा निरोप आला तर आकडा १०-१० नं कमी करत जा. ज्या आकड्याला उत्तर येतं त्यात २८ मिळवले की तुमच्या रस्त्याची खरी मर्यादा साधारण कळते. व्हीपीएनचा एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल मर्यादा, त्याहून किमान ८० नं कमी ठेवा. वायरगार्डच्या फाइलमध्ये 'एमटीयू'ची एक ओळ घालता येते. मोजायचा कंटाळा असेल तर तिथे सरळ १२८० लिहा, थोडा वेग जाईल पण अडकणार नाही.

लागतं, पण सारखं तुटतं

आधी वायफायवर संशय घ्या. राउटरपासून एक लांब लॅन केबल ओढून अर्धा दिवस काम करून बघा. तुटणं थांबलं तर उत्तर मिळालं. लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी वायफायचं कार्ड झोपवतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली ती खूण काढा. वायरगार्ड थोडा वेळ शांत बसल्यावर गप्प होत असेल तर फाइलमध्ये 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ ठेवा.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं, वीज. दिवे गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, इन्व्हर्टर क्षणात लागतो, पण त्या क्षणभरात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि व्हीपीएन मधल्यामध्ये लटकतं. हिरवी खूण तशीच, काम मात्र ठप्प. व्हीपीएन हातानं तोडून पुन्हा जोडा. हे रोजचंच असेल तर राउटरसाठी मिळतो तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही त्यावर चालायला हवेत, एकट्या राउटरनं उपयोग नाही.

काल चालत होतं, आज नाही

काल रात्री विंडोज अद्ययावत झालं का ते बघा. ११ जानेवारी २०२२ च्या विंडोज अद्यतनांनंतर अनेकांचं एल२टीपी व्हीपीएन बंद पडलं होतं आणि मायक्रोसॉफ्टला १७ जानेवारीला वेगळं दुरुस्ती अद्यतन द्यावं लागलं. एप्रिल २०२४ च्या अद्यतनांनंतरही काहींना व्हीपीएनचा त्रास झाला, तो मे महिन्यात दुरुस्त झाला. म्हणजे दोष तुमचा नसूही शकतो. नवं अद्यतन आलंय का बघा. तातडी असेल तर अद्यतनांच्या इतिहासातून शेवटचं तात्पुरतं काढता येतं, पण दुरुस्ती आली की लगेच पुन्हा घाला. एकाच कॉम्प्युटरवर दोन व्हीपीएन ॲपं असतील तर तीही एकमेकांच्या वाटेत येतात. दुसरं पूर्ण बंद करा, फक्त खिडकी मिटून उपयोग नाही.

एवढं सगळं करून झालं तरच ॲप काढून पुन्हा घालायचं, तेही जोडणीची फाइल पेनड्राइव्हवर ठेवून आणि सर्व्हरचा पत्ता वहीत उतरवून. त्यापुढचा उपाय विंडोजमधलं 'नेटवर्क रीसेट'. त्यानं वायफायचे साठवलेले पासवर्डही जातात, म्हणून ते अगदी शेवटी.

मदत मागताना सर्चमध्ये सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरावर फोन करू नका. तिथे बरेच नंबर ठगांचे असतात आणि स्क्रीन दाखवणारं ॲप घालायला लावून ते खातं रिकामं करतात. नंबर घ्यायचा तो ऑफिसकडून किंवा ॲपच्या आतून. पासवर्ड आणि ओटीपी आयटीवाल्यालाही द्यायचा नाही, त्याला तो लागत नाही. त्याला लागतं ते हे, आणि एवढं एका निरोपात पाठवलंत तर तो पहिल्याच फोनला कामाला लागतो:

"नमस्कार सर, काल रात्री साडेनऊपासून व्हीपीएन लागत नाही. विंडोज ११, आयकेईव्ही२. चूक-क्रमांक ८०९, फोटो सोबत आहे. साधं नेट चालू आहे, सर्व्हरचं नाव सापडतं. घरच्या वायफायवर लागत नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर लागतं. अँटीव्हायरसची भिंत बंद करून बघितली, फरक नाही. घरचा पत्ता १९२.१६८.५७.७. टीसीपी ४४३ वरून जोडायची सोय आहे का?"